तांदूळभर

बाबांचं दुकान झवेरी बाजारात,
म्हणजे दोन दुकानांमधल्या जिन्याखाली.
सोनं विकत नसत ते. काटे दुरुस्त करत.
आठ तांदळांची गुंज, आठ गुंजांचा मासा,
बारा माशांचा तोळा.
बे एके बेच्या आधी मला हे पाठ होतं.
आणि एक ताकीद: काट्यासमोर असताना
श्वास बाजूला सोडायचा.

आता मी शीवला, महापालिकेच्या इस्पितळात,
तळघरातल्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करते.
बाळं वर, तिसऱ्या मजल्यावर.
माझ्याकडे येतात करंगळीएवढ्या नळ्या
आणि नळीवर आईचं नाव.
बेबी ऑफ यमुना घाटाळ. राहणार विक्रमगड.
वय सहा दिवस. वजन नऊशे ऐंशी ग्रॅम.
मनातल्या मनात हिशेब होतोच:
चौऱ्याऐंशी तोळे.
अख्ख्या अंगातलं रक्त मिळून एक कटिंग,
त्यातले चार थेंब मला पाठवलेत.
सांडायची सोय नाही.

अमिकासिन, पंधरा मिलिग्रॅम.
म्हणजे तांदूळभर.
बाबांच्या पेटीतलं सगळ्यात धाकटं वजन,
चिमट्यानेच उचलायचं,
आणि हरवलं की सापडेपर्यंत
घरात कुणी केर काढायचा नाही.

कमी पडला तर जंतू उरतात,
आणि शहाणे होऊन उरतात.
जास्त झाला तर मूत्रपिंड. आणि कान.
कानाचं वाईट हे, की तो दुखून सांगत नाही.
वर्षा-दीड वर्षाने कुणीतरी मागून हाक मारतं
आणि मूल वळत नाही.

आज नळी आली, चिठ्ठी आली,
चिठ्ठीवर आधीच्या डोसची वेळ नाही.
वेळेशिवाय आकडा म्हणजे
गावाचं नाव पुसलेला मैलाचा दगड.
फोन लावला.
"सिस्टर डिमेलो, काल डोस किती वाजता दिला?"
"लिहिलंय की तिथे."
"नाही लिहिलेलं."
"पोतदार, अगं इथे एकेका वॉर्मरवर दोन-दोन आहेत."
मागे टिटिट, टिटिट. मग कागद चाळल्याचा आवाज.
मग बराच वेळ काहीच नाही.
"चार्टवर दोन लिहिलंय. पण दिला तीनला.
पंप अडकला होता. मीच दिला, मीच लिहिलं."
मी तीन लिहिलं.
साध्या निळ्या पेनने, कुणाला काही न म्हणता.

यंत्र चाळीस मिनिटं घेतं.
तेवढ्यात डबा उघडला. मेथी, गार.
आकडा आला: अकरा पूर्णांक दोन.
पाचाच्या आत हवा होता.
घड्याळात अडीच,
आणि वर तीनचा डोस सिरिंजमध्ये भरून तयार.

पुन्हा फोन. आकडा दोनदा वाचला,
त्यांनी दोनदा म्हणून दाखवला.
मग डॉक्टर तेंडोलकरचा झोपेने जड आवाज:
"आत्ताचा थांबवा. उद्या दुपारी तीनला.
तेवढाच द्यायचा, कमी नाही करायचा.
त्याआधी परत रक्त पाठवतो."

तांदूळ तेवढाच.
दोन तांदळांमधलं अंतर वाढवायचं.
कालपरवा तयार झालेल्या मूत्रपिंडाला
पहिला तांदूळ खाली ठेवायला
जरा उसंत द्यायची.
हे बाबांनी शिकवलं नव्हतं.
त्यांच्या काट्याला पारडी दोनच,
वेळ कुठल्या पारड्यात घालायची
हे त्यांना कुणी विचारलं नाही.

कानाचं अजून काही माहीत नाही.
तपासणी घरी सोडायच्या आधी होते,
आणि त्याचा कागद तळघरात येत नाही.

सकाळी सुटले तर जिन्यात
एक बाई बसलेली, मांडीवर स्टीलची वाटी,
वाटीवर झाकण, झाकणावर तळहात.
दोन-दोन तासांनी दूध काढून वर द्यायचं असतं.
कोणाची कोण, मी विचारलं नाही.
तिनेच विचारलं, "बाय, किती वाजलं?"

"सात," म्हणणार होते.
मनगट उजेडात धरलं, नीट पाहिलं.
सात वाजून बारा मिनिटं.